चिनी स्त्रीचे व्यक्तिचित्र : चेहरा, वेश आणि काळ

चिनी भाषेत व्यक्तिचित्र काढण्यासाठी ‘श्येझेन’ असा एक जुना शब्द आहे. ‘श्ये’ म्हणजे लिहिणे, ‘झेन’ म्हणजे खरे. ज्या देशात कवी, कारकून आणि चित्रकार एकाच जातीच्या कुंचल्याने काम करीत आले, तिथे चित्र ‘लिहिले’ जावे यात नवल नाही. त्याच्या जोडीचा दुसरा शब्द ‘च्वानशेन’, म्हणजे समोरच्या माणसातले चैतन्य रेशमावर किंवा कागदावर उतरवणे. हा विचार चौथ्या शतकातील चित्रकार गू काइझी याच्या नावाशी जोडलेला आहे. त्याच्याविषयी आख्यायिका अशी की, माणसाचे सगळे चित्र पूर्ण झाले तरी डोळ्यांतली बुबुळे तो कित्येक वर्षे भरत नसे. हातपाय देखणे आले काय नि ओबडधोबड आले काय, चित्रात जीव येतो तो डोळ्यांमुळे, असे त्याचे मत होते. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये त्याच्या नावावर असलेली एक रेशमी चित्रगुंडाळी आहे. राजवाड्यातील स्त्रियांना वर्तनाचे धडे देणारे प्रसंग तीत रंगवले आहेत. ती बहुधा नंतरच्या काळातील नक्कल असावी. पण स्त्रियांच्या गालांवरून आणि वाऱ्यावर हेलकावणाऱ्या वस्त्रांवरून फिरलेली, रेशमाच्या धाग्यासारखी एकसारखी बारीक रेघ पाहिली की या परंपरेचा पाया कशात आहे ते कळते.

डोळ्यांना एवढा मान देणाऱ्या या देशातील स्त्री रेखाटताना बाहेरचा चित्रकार पहिली चूक नेमकी डोळ्यांतच करतो. दोन तिरप्या रेघा ओढल्या, त्यांची बाहेरची टोके वर नेली की चिनी चेहरा झाला, ही समजूत व्यंगचित्रांतून आणि नाटकांच्या रंगभूषेतून पसरली. प्रत्यक्षात अनेक चिनी स्त्रियांच्या डोळ्यांचा तिरपेपणा अगदी किंचित असतो, काहींच्यात तो नसतोच. तो भासतो याचे कारण डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात आहे. वरच्या पापणीची त्वचा नाकाच्या बाजूला थोडी खाली उतरते आणि कोपऱ्यातला लालसर मांसल ठिपका पूर्ण किंवा अर्धा झाकते. त्यामुळे आतला कोपरा खाली ओढल्यासारखा, गोलसर दिसतो आणि त्याच्या तुलनेत बाहेरचा कोपरा उंच वाटतो. विद्यार्थ्याने बाहेरचे टोक वर चढवण्याऐवजी आतला कोपरा नीट पाहिला, तर निम्मे काम तिथेच होते. पापणीची ही घडी ही काही केवळ चीनची मिरास नाही. आशियाच्या मोठ्या भागात, ईशान्य भारतात, आफ्रिकेच्या दक्षिणेकडील काही समाजांतही ती आढळते आणि जगभरच्या कितीतरी तान्ह्या मुलांमध्ये असते.

पापण्यांबाबत चिनी लोक स्वतः ‘एकेरी’ आणि ‘दुहेरी’ असा भेद करतात. एकेरी पापणीवर मधली वळी नसते. भुवईपासून पापण्यांच्या केसांपर्यंत एकच गुळगुळीत, किंचित फुगीर उतार असतो. दुहेरी पापणीवर वळी असते, पण तिच्याही तऱ्हा आहेत. काहींची वळी आतल्या कोपऱ्यापाशी मिटलेली असते आणि बाहेरच्या बाजूला पंख्यासारखी उघडत जाते. काहींची पापणीच्या कडेला समांतर चालते. काहींची आत दडलेली असते आणि खाली पाहतानाच दिसते. युरोपीय चेहऱ्यावर शिकलेला हात सवयीने डोळ्याच्या वर एक गडद वळी ओढतो आणि एकेरी पापणीचा चेहरा तिथेच हातचा जातो. पापण्यांचे केस बहुधा सरळ, खाली झुकलेले असतात. ते एकेक काढण्यापेक्षा वरच्या कडेला थोडी जाड, मऊ गडद रेघ दिली तर अधिक खरे दिसते. भुवई आणि डोळा यांत अंतर जास्त असते आणि भुवईचे हाड फारसे पुढे आलेले नसते, म्हणून डोळा खोबणीत बुडालेला दिसत नाही.

चेहऱ्याच्या बाकी ठेवणीचेही तेच. नाकाचा दांडा डोळ्यांच्या मध्ये सपाट असतो, म्हणून दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधले अंतर जास्त भासते. गालाची हाडे पुढच्या अंगाने रुंद असतात आणि पाऊण वळलेल्या चेहऱ्यात पलीकडच्या गालाची कड डोळ्याच्या बाहेर स्पष्ट दिसते. युरोपीय चेहऱ्यात त्याच जागी नाकाचा दांडा पलीकडच्या डोळ्याचा काही भाग झाकतो. इथे तो डोळा बराचसा मोकळा राहतो. हे सगळे ‘बहुधा’ या शब्दासह वाचायचे. उत्तरेकडील शानदोंगमधील लांबट, उंच नाकाची स्त्री आणि दक्षिणेकडील ग्वांगदोंगमधील रुंद नाकपुड्यांची, मोठ्या डोळ्यांची स्त्री या दोघींना एकाच साच्यात बसवणारे चित्र दोघींचेही नसते.

प्रमाणांसाठी चिनी चित्रकारांचे स्वतःचे सूत्र आहे : ‘तीन प्रांगणे, पाच डोळे’. केसांच्या कडेपासून भुवईपर्यंत, भुवईपासून नाकाच्या तळापर्यंत आणि तिथून हनुवटीपर्यंत असे चेहऱ्याचे तीन सारखे भाग. आणि चेहऱ्याची रुंदी पाच डोळ्यांएवढी. चौदाव्या शतकात, य्वान राजवटीच्या अखेरीस, वांग यी या चित्रकाराने व्यक्तिचित्रणाची गुपिते सांगणारे टिपण लिहिले. बोलता-चालतानाच माणसाचा खरा चेहरा प्रकटतो, त्याला पुतळ्यासारखा बसवला की तो हरवतो, हा त्याचा आग्रह आजही व्यक्तिचित्राच्या वर्गात सांगण्यासारखा आहे. चेहऱ्याचा कोनही ही परंपरा मोजून सांगते. समोरून पूर्ण दिसणारा चेहरा ‘दहा भागांचा’, वळत गेला की नऊ, आठ, सात. सुंदर स्त्रीच्या चित्रांत सात-आठ भागांचा चेहरा आवडीचा. पूर्ण दहा भागांचा चेहरा राखीव असे तो पूर्वजांच्या पूजेच्या चित्रांसाठी.

सौंदर्याची शब्दकळाही याच निरीक्षणातून आलेली आहे. हंसिणीच्या अंड्यासारखा चेहरा, कलिंगडाच्या बीसारखा हनुवटीकडे निमुळता चेहरा, विलोच्या पानासारखी भुवई, पतंगाच्या मिशांसारखी भुवई, जर्दाळूसारखा गोल डोळा, चेरीएवढी जिवणी. यांतला ‘फीनिक्स डोळा’ चित्रकाराने जपून वापरावा, कारण तिरप्या डोळ्याच्या समजुतीला खतपाणी तिथूनही मिळते. तो एक विशिष्ट, लांबट, टोकाशी किंचित उचललेला डोळा आहे. सगळ्या चिनी स्त्रियांचा नव्हे. संस्कृत काव्यातील मीनाक्षी आणि बिंबाधरा घेऊन कोणी कोल्हापूरच्या बाजारातली बाई रंगवायला बसत नाही, तसेच हे.

कातडीच्या रंगाचा घोळ अधिक जुना आणि अधिक हट्टी. मार्को पोलोपासून सुरुवातीच्या युरोपीय प्रवाशांनी चिनी लोकांचे वर्णन गोरे असे केले होते. 1735 मध्ये कार्ल लिनियसने माणसांचे वर्गीकरण केले, तेव्हा आशियाई माणसासाठी गडद, काळसर असा लॅटिन शब्द योजला आणि 1758 च्या आवृत्तीत तो बदलून फिकट पिवळट, रोगट अशी छटा असलेला शब्द घातला. पिवळेपणा चेहऱ्यावर चढला तो असा, पुस्तकातून. चित्रकाराच्या पॅलेटवर त्याचा परिणाम आजही दिसतो : यलो ओकर आणि पांढरा एवढ्यावर भागवलेला चेहरा मेणाच्या मुखवट्यासारखा होतो. पांढऱ्यात थोडा ओकर, थोडा लाइट रेड, अर्धछटांत व्हिरिडियनचा स्पर्श, कानाच्या पाळीला आणि गालाला गुलाबी, हनुवटीखाली थंड करडा असे बांधत नेले तर त्वचेखाली रक्त असल्याचे जाणवते. शेतात राबणारी आणि शहरात छत्री घेऊन चालणारी यांच्या वर्णांत केवढे तरी अंतर असते. केस सरळ, जाड आणि काळे. पण ट्यूबमधला काळा रंग त्यांना मारून टाकतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर यांच्या मिश्रणातून आलेला काळा, आणि त्यावर आकाशाचा निळसर थंड प्रकाश पकडणारी एकच रुंद चमक, एवढे पुरते.

उजेडाचा प्रश्न मात्र केवळ तंत्राचा नाही. एका बाजूने तिरपा प्रकाश टाकून अर्धा चेहरा सावलीत बुडवण्याची युरोपीय पद्धत भुवईच्या आणि नाकाच्या उंचवट्यांवर उभी आहे. जिथे ते उंचवटे कमी, तिथे सावली फार पसरत नाही आणि घडण सगळी अर्धछटांत सापडते. म्हणून अशा चेहऱ्याला समोरचा किंवा खिडकीतून येणारा मऊ प्रकाश मानवतो. चिनी दरबाराने याचे सौंदर्यशास्त्रच केले होते. चेहऱ्यावरची सावली म्हणजे डाग, असे तिथे मानले जाई. 1715 मध्ये चीनला पोचलेला इटालियन जेझुइट चित्रकार जुझेप्पे कास्तिल्योने, ज्याला चिनी लोक लांग शिनिंग म्हणत, त्याने ही अट पाळत एक तिसरीच रीत घडवली. चेहऱ्याला घडण युरोपीय, उजेड मात्र पूर्ण समोरून, सावली जवळजवळ नाहीच. अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या कलासंग्रहालयातील चित्रगुंडाळीत, जिचे काम 1736 मध्ये सुरू झाले, सम्राट छ्येनलोंग, त्याची पट्टराणी आणि अकरा राण्या एकामागून एक येतात. वरवर सगळ्या सारख्या वाटतात. थोडे थांबून पाहिले की प्रत्येकीची जिवणी, कपाळ आणि पापणी वेगळी आहे हे लक्षात येते. दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर हीच अट अमेरिकन चित्रकर्ती कॅथरीन कार्ल यांच्यापुढे आली. 1904 च्या सेंट लुइस येथील जागतिक प्रदर्शनासाठी राजमाता त्सशीचे व्यक्तिचित्र काढायला त्या राजवाड्यात राहिल्या होत्या. सावल्या पुसाव्या लागल्या, प्रत्येक मोती मोजून रंगवावा लागला आणि सत्तरीला टेकलेल्या राजमातेचा चेहरा तरुण करावा लागला. आपल्या आठवणींच्या पुस्तकात या बंधनांविषयीची खंत त्यांनी लपवलेली नाही.

असे असले तरी उठाव देण्याची कला चीनला युरोपनेच प्रथम दाखवली, असे नाही. सहाव्या शतकात, ल्यांग राजवटीत, चित्रकार झांग संगयाव याने नानजिंगमधील एका मठाच्या दारावर अशी फुले रंगवली की ती लांबून उंचसखल दिसत आणि जवळ गेल्यावर सपाट, असे जुने ग्रंथ सांगतात. ही पद्धत त्यांनी भारतीय म्हणून नोंदवली आहे. अजिंठ्याच्या भिंतींवर गाल, गळा आणि दंड ज्या ‘वर्तने’ने, म्हणजे कडेला गडद आणि मध्ये उजळ छटा देऊन, गोलाई धरतात, तिच्याच जातीची ही पद्धत. बौद्ध चित्रकलेबरोबर ती मध्य आशियातून दुनह्वांगच्या गुंफांपर्यंत पोचली. तिथल्या सर्वांत जुन्या गुंफांत अंगाचा रंग काळपट पडला, पण नाकावरचा आणि डोळ्यांवरचा पांढरा तसाच राहिला. म्हणून त्या आकृती आज विदूषकासारख्या दिसतात. रंगवल्या तेव्हा त्या तशा नव्हत्या.

स्त्रीचा चेहरा रंगवण्याची चीनची खास रीत ‘गोंगबी’, म्हणजे सूक्ष्म कुंचल्याचे काम. रेशीम चौकटीवर ताणतात, त्यावर सरस आणि तुरटीचे पाणी देतात, म्हणजे रंग फुटत नाही. मग पातळ शाईची रेघ. चेहऱ्याची रेघ फिकी, केसांची गडद, वस्त्रांची त्यांच्या पोताप्रमाणे. रेशीम पारदर्शक असल्यामुळे चेहऱ्याचा पांढरा पाठीमागून भरतात. पुढून गेरूसारख्या तांबूस मातीरंगाचे पातळ हात एकावर एक देतात, प्रत्येक हाताची कड स्वच्छ ओल्या कुंचल्याने विरवत. कपाळ, नाकाचा दांडा आणि हनुवटी या तीन जागा जास्त पांढऱ्या ठेवायच्या, याला ‘तीन पांढरे’ म्हणतात. मिंग काळातील तांग यिन याच्या स्त्रीचित्रांत ते ठळक दिसतात. मिंगच्याच उत्तरार्धात त्सेंग जिंग याने व्यक्तिचित्रासाठी चेहऱ्यावर असंख्य पातळ हात चढवण्याची शिस्त घातली आणि त्याची शाखाच निर्माण झाली. जलरंगाची सवय असलेल्या मराठी विद्यार्थ्याला ही रीत परकी वाटू नये. घाई तेवढी चालत नाही.

चेहऱ्याविषयी एवढे झाले, तरी ‘चिनी स्त्री’ म्हणजे कोण, हा प्रश्न उरतोच. चीनमध्ये 56 जनसमूहांना अधिकृत मान्यता आहे. 2020 च्या जनगणनेनुसार हान लोक सुमारे 91 टक्के. उरलेल्यांत च्वांग, उइगुर, म्याव, मांचू, तिबेटी, मंगोल अशा कोट्यवधी स्त्रिया आहेत. जिन शांगयी यांनी 1983 मध्ये काढलेले ‘ताजिक वधू’ हे तैलचित्र चिनी वास्तववादी चित्रकलेतील एक मानाचे काम मानले जाते. लाल ओढणीतली ती वधू पामीरच्या डोंगराळ भागातील आहे. तिचे उंच नाक, खोल डोळे पाहून तिला कोणी साच्यातली चिनी म्हणणार नाही आणि तरीही ते चिनी स्त्रीचे व्यक्तिचित्र आहेच. म्याव स्त्रीचा चांदीचा शिरपेच, तिबेटी विवाहितेचा आडव्या रंगीत पट्ट्यांचा पुढपट्टा, उइगुर स्त्रीची भरतकामाची टोपी आणि लहरी रंगांचे अटलस रेशीम यांचा स्वतंत्र अभ्यास हवा. इथून पुढचे विवेचन हान आणि मांचू वेशापुरते आहे.

वेशाचा पहिला नियम गळ्याशीच आहे. हान अंगरख्याचा डावा पदर उजव्यावर येतो आणि उजव्या बगलेखाली बांधला जातो. उलटा पदर मृताचा किंवा परकीयाचा मानत. मोगल काळात जाम्याचे बंद कोणत्या बगलेखाली आहेत यावरून हिंदू की मुसलमान ते ओळखले जाई, त्याची इथे आठवण व्हावी. फोटोवरून काम करताना फोटो उलटा छापलेला असेल तर हा पदर लगेच चुगली करतो. रंगांचेही संकेत आहेत. वधू लाल, शोक पांढरा, आणि झळझळीत पिवळा चिंग काळात राजघराण्यासाठी राखून ठेवलेला. पिवळी अष्टपुत्री डोळ्यांपुढे ठेवून चिनी वधू रंगवणाऱ्या चित्रकाराचा घोटाळा इथे ठरलेला.

वेशाने काळ कळतो, आणि काळ चुकला की सुंदर चित्रही हास्यास्पद होते. तांग काळातील, म्हणजे सातव्या ते दहाव्या शतकातील, स्त्री भरल्या अंगाची आहे. तिचा घागरा थेट छातीवर बांधलेला, वर अंगावरून झिरझिरीत तलम वस्त्र, खांद्यांवरून हातांवर उतरलेली लांब ओढणी. शनयांगच्या ल्याओनिंग संग्रहालयात झोऊ फांग याच्या नावावर असलेल्या गुंडाळीत अशा स्त्रिया उंच अंबाड्यावर मोठे फूल खोवून कुत्र्याशी खेळताना दिसतात. त्यांच्या खऱ्या भुवया काढून टाकलेल्या आणि कपाळावर उंच, आखूड, रुंद भुवया रंगवलेल्या आहेत. भुवयांच्या मध्ये फुलाचा ठिपका, गालांवर लाली, ओठ चिमुकले. बॉस्टनच्या संग्रहालयात झांग शुआन याच्या मूळ चित्राची बाराव्या शतकातील नक्कल आहे. तीत नवे विणलेले रेशीम कुटणाऱ्या, शिवणाऱ्या, इस्त्री करणाऱ्या स्त्रिया आहेत. शोभेसाठी बसवलेल्या सुंदरीपेक्षा कामात गुंतलेली स्त्री किती जिवंत वाटते, हे तिथे दिसते.

सोंग काळात अंग सडपातळ झाले, रंग शांत झाले, पुढून उघडा राहणारा लांब झगा आला. तैपेईच्या राजप्रासाद संग्रहालयातील सोंग सम्राज्ञींच्या चित्रांत कपाळावर आणि गालांवर चक्क मोती चिकटवलेले आहेत. मिंग काळातील स्त्री आखूड किंवा गुडघ्यापर्यंतचा अंगरखा आणि त्याखाली निऱ्यांचा घागरा घालते. या घागऱ्याला ‘घोड्याचा चेहरा’ असे विचित्र नाव आहे. पुढे आणि मागे सपाट पट्टा, निऱ्या फक्त बाजूंना. सगळीकडे निऱ्या काढल्या की तो घागरा मिंगचा राहत नाही. याच काळापासून पूर्वजांच्या चित्रांचा मोठा साठा मिळतो. वृद्धा खुर्चीत समोरून बसलेली, हात बाह्यांत, पाय झग्याखाली, लाल वस्त्र, डोक्यावर फीनिक्स मुकुट. कित्येकदा हे चित्र मृत्यूनंतर काढले जाई आणि चित्रकार नाक-डोळ्यांच्या नमुन्यांची वही घेऊन नातेवाइकांना विचारी, आईचे नाक यांतल्या कोणत्यासारखे? अंगावरचा पोशाख ठरीव, चेहरा मात्र सुरकुत्यांसह, मसांसह प्रामाणिक. चिनी स्त्रीचा खरा चेहरा पाहायचा तर सुंदरींच्या चित्रांपेक्षा या आजीबाईंकडे जावे. बीजिंगजवळच्या दिंगलिंग समाधीच्या 1956 ते 1958 च्या उत्खननात सम्राज्ञी श्याओद्वानचा असा मुकुट सापडला. त्याचा निळा रंग मिन्याचा वाटतो, पण तो खंड्या पक्ष्याच्या पिसांचा आहे; कोन बदलला की तो रंगही हलतो, हे रंगवणे सोपे नाही.

1644 नंतर चिंग राजवटीत दोन वेश शेजारी नांदले. हान स्त्री अंगरखा-घागऱ्यातच राहिली. मांचू स्त्री एकसंध लांब झग्यात. मांचू स्त्री प्रत्येक कानात तीन कर्णभूषणे घाली, पाय बांधत नसे आणि मधोमध उंच ठोकळा असलेली पादत्राणे वापरी. हान स्त्रियांचे लहानपणीच बांधून मोडलेले पाय ही क्रूर प्रथा होती. 1912 मध्ये प्रजासत्ताकाने तिच्यावर बंदी घातली. चित्रात ते पाय कमळ म्हणून सजवण्याचा मोह टाळावा. चिंगच्या अखेरीस मांचू स्त्रियांच्या डोक्यावर काळ्या सॅटिनचा आडवा, रुंद शिरोभूषणाचा प्रकार आला. राजमाता त्सशीच्या फोटोंमुळे तो सगळ्यांना ठाऊक आहे आणि म्हणूनच तो हजार वर्षांपूर्वीच्या राजकन्येलाही चढवला जातो.

आज बहुतेकांच्या मनातला चिनी वेश म्हणजे ‘छिपाओ’, कॅन्टोनीजमध्ये ‘चोंगसाम’. तो प्राचीन मुळीच नाही. 1920 च्या दशकात शांघायमध्ये तो घडला आणि 1929 मध्ये सरकारी नियमांत स्त्रियांचा औपचारिक वेश म्हणून त्याला स्थान मिळाले. सुरुवातीला तो सैल, घंटेसारख्या बाह्यांचा होता. पुढे अंगाशी आला, कॉलर कधी उंच कधी बुटकी झाली, कड कधी घोट्यावर कधी गुडघ्यावर गेली. चित्रकाराच्या दृष्टीने त्याच्या शिवणीतला फरक सर्वांत महत्त्वाचा. जुना छिपाओ सपाट कापडातून, खांद्याला शिवण न देता, टक्स न घालता बेतत. त्यामुळे हात खाली असताना बगलेपासून छातीकडे चुण्या पडतात. नंतरच्या, विशेषतः 1950 च्या हाँगकाँगच्या, छिपाओत टक्स आणि वेगळी लावलेली बाही आली, चुण्या नाहीशा झाल्या. 1930 च्या स्त्रीला 1950 ची शिवण दिली तर जाणत्या माणसाला ती लगेच दिसते. कॉलरपासून बगलेपर्यंत वळत गेलेली कापडी गोफाची गुंडी आणि तिचा फासा हा या वेशाचा दागिना. तिथे दोन ठिपके देऊन भागत नाही.

छिपाओतली स्त्री घरोघर पोचवली ती शांघायच्या कॅलेंडरांनी. झेंग मानतुओ याने कोळशाची पूड कागदावर चोळून घडण करायची आणि वर पारदर्शक जलरंग चढवायचा, ही पद्धत रूढ केली. सिगारेट, साबण, औषधे यांच्या जाहिरातींत हसऱ्या स्त्रिया त्याच पद्धतीने उतरल्या. रघुवीर मुळगावकरांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठे पाहिलेल्या वाचकाला त्या गुळगुळीत गालांची जात लगेच ओळखू येईल. याच्या नेमके उलट ग्वान झलान यांचे 1929 मधील ‘मिस एल’चे चित्र : मांडीवर कुत्रे घेऊन बसलेली छिपाओतली तरुणी, मोठे सपाट रंगपट्टे, मोकळा कुंचला, गोड हसण्याची सक्ती नाही. शू बेइहोंग यांनी 1939 मध्ये सिंगापूरला काढलेले ‘मिस जेनी’ आणि पान यूलिआंग यांची पॅरिसमधील आत्मचित्रेही याच रांगेत ठेवावीत. पान यांच्या आत्मचित्रांत डोळ्यांची ठेवण जराही सौम्य केलेली नाही.

1949 नंतर मुख्य भूमीवर छिपाओ मागे पडला. निळ्या-करड्या कोटातली, दोन वेण्या घातलेली कामकरी स्त्री चित्रांत आली. 2003 मध्ये झेंगझोऊच्या रस्त्यावर एक तरुण जुना हान वेश घालून हिंडला, तेव्हापासून ‘हानफू’ची चळवळ वाढत गेली आणि आता बागांत, देवळांत मिंग-तांग वेशातल्या मुली फोटो काढून घेताना दिसतात. त्यांना रंगवताना हा वेश हौसेचा आहे, त्यांच्या रोजच्या अंगातला नाही, हे उभे राहण्याच्या ढंगातून यायला हवे. रोजची चिनी स्त्री जीन्स आणि जाकिटातच आहे.

भरतकामाचा अभ्यास मुंबईत बसूनही करता येतो. कँटनच्या व्यापारातून आलेल्या पारशी ‘गारा’ साड्यांवर चिनी टाक्याचे फीनिक्स, बगळे, पेओनी आणि पूल-मंडप आहेत, रेशमी धाग्याच्या दिशेनुसार उजळणारे आणि मावळणारे. हे भरतकाम रंगवताना आकृतीपेक्षा धाग्याची दिशा पाळली की रेशीम चमकते.

बाहेरच्यांनी केलेल्या चुकांनीही बरेच शिकवले आहे. व्हिसलर याने 1863 ते 1865 च्या काळात ‘पोर्सलेनच्या देशाची राजकन्या’ रंगवली. देश चीन, अंगावर जपानी किमोनो, मागे जपानी पडदा, आणि मॉडेल म्हणून उभी राहिलेली तरुणी ग्रीक वंशाची. चित्र रंगाने मोहक आहे, पण ते चीनविषयी काहीच सांगत नाही. व्लादिमिर त्रेचिकोफ याचे 1952 मधील ‘चायनीज गर्ल’ केप टाउनमध्ये राहणाऱ्या एका खऱ्या चिनी तरुणीवरून काढलेले; तिच्या चेहऱ्याला निळा-हिरवा रंग देऊन त्याने तिला कोडे करून टाकले. छापील प्रतींतून ते जगभरच्या दिवाणखान्यांत गेले आणि 2013 मध्ये लंडनच्या लिलावात मूळ चित्राला सुमारे 9 लाख 82 हजार पौंड मिळाले.

हातात काय द्यायचे, हेही असेच तपासून ठरवावे. घडीचा पंखा चीनमध्ये जपान आणि कोरियाकडून आला आणि तिथे तो पुष्कळदा पुरुष पंडितांच्या हातात असे. जुन्या चित्रांतील स्त्रीचा पंखा गोल, बांबूच्या दांड्याचा, रेशमाने मढवलेला. एकोणिसाव्या शतकात कँटनच्या कारखान्यांनी युरोपीय ग्राहकांसाठी हस्तिदंती घडीचे पंखे ढिगांनी पाठवले, म्हणून ते तिकडच्या चित्रांत चिनी स्त्रीच्या हाती दिसतात. मनगटात जेडचे कडे असेल तर त्याचा हिरवा काचेसारखा पारदर्शक काढू नये. जेड बहुधा दुधाळ असते, उजेड त्याच्या पोटात शिरून मऊ होतो आणि कातडीवर त्याची हिरवट छटा पडते.